वावरात जाऊन पाह्यलं का?

आमच्या लोणारच्या ऑफिसातला कम्प्युटर वऱ्हाडीत रागवायचा. खोटं वाटत असेल तर तेव्हाच्या आमच्यापैकी कोणालाही विचारा. शीटमधल्या रकान्यात भलतंसलतं काही चिकटवलं की टुणकन एक चौकोन उघडायचा आणि त्यात लिहिलेलं असायचं, ‘काऊन बे, कुठून उचलून आणलं हे?’ खाली एकच बटण, ‘चुकलो’. ते दाबल्याशिवाय सुटका नव्हती. मी बाईमाणूस, पण मलाही ‘चुकलो’च दाबावं लागायचं. एकदा मी त्यावरून भांडले, तेव्हा सरांनी चष्मा कपाळावर चढवला, जरा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी शेजारी ‘चुकली’ असं बटण बसवून दिलं. म्हणाले, “घ्या. आता मनसोक्त चुका.”

सर म्हणजे आमचे डेटावाले सर. संस्थेच्या कागदावर त्यांचा हुद्दा काहीतरी लांबलचक इंग्रजी होता, पण लोणारात त्यांना सगळे सरच म्हणायचे. बसस्टँडजवळ त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती आणि अर्ध्या तालुक्याच्या बोटांना त्यांनीच वळण लावलेलं होतं. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा हा माणूस खचला नाही. एक जाडजूड पुस्तक आणलं, घरी बसून कम्प्युटर शिकला आणि आमच्या संस्थेत लागला. पण मनानं ते टाइपरायटरवरच राहिले. त्यांच्या क्लासात खोडायला परवानगी नव्हती. एक अक्षर चुकलं की कागद उपसायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. आमच्यापैकी कोणी मागे जायचं बटण दाबताना दिसलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बाह्या, मे महिना असला तरी. माऊसखाली घडी केलेला रुमाल. त्यांच्या माऊसला कोणी हात लावायचा नाही, हा ऑफिसातला पहिला नियम. लावलाच, तर ते तुमच्यादेखत तो रुमालानं पुसायचे आणि तुमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. अपमान करायचीही त्यांची एक शिस्त होती.

आमचं काम सोपं होतं. कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्यांची माहिती गोळा करायची. कोणी कोणतं बियाणं पेरलं, कशाकशाच्या फवारण्या केल्या, पीक कसं आलं, बिघडलं तर का बिघडलं. ती कम्प्युटरवर भरायची आणि महिनाअखेर पुण्याच्या मुख्य ऑफिसला धाडायची. शीट पुण्यानं बनवलेली. प्रत्येक रकान्याला एक बाण, बाण दाबला की खाली यादी उघडणार, त्यातलंच एक निवडायचं. यादीबाहेरचं काही लिहायला गेलं तर शीट घ्यायची नाही. पुण्याला वाटलं, झालं, आता कोणी चुकूच शकत नाही.

पुण्यानं आम्हाला ओळखलंच नव्हतं. आमच्या फिल्डवाल्यांची पद्धत अशी, की गावातल्या पहिल्या शेतकऱ्याची ओळ मन लावून भरायची, मग तीच उचलायची आणि खाली गावभर चिकटवायची. नंतर फक्त नावं बदलायची, तीही आठवण राहिली तर. आणि गंमत अशी, की दुसरीकडून उचलून चिकटवलं की त्या रकान्यावरचा नियमही पुसला जातो. बाण गायब, यादी गायब, मग काय वाट्टेल ते लिहा. अशीच एक फाइल पुण्याला गेली आणि तिकडून फोन आला की तुमच्या एका गावात सगळ्या शेतकऱ्यांची बायको एकच आहे, हे काय प्रकरण आहे? आम्ही पोट धरून हसलो. सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

“माणूस वाईट नसते,” ते संध्याकाळी म्हणाले, “मोकळा रकाना वाईट असते.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि मग त्यांनी मॅक्रो लिहायला घेतला. मॅक्रो म्हणजे शीटच्या पोटात लिहून ठेवलेला हुकूम. कोणी काही चिकटवलं की हा हुकूम आधी बघणार, रकान्यावरचा नियम जागेवर आहे का. नसेल तर चिकटवलेलं काढून घेणार, नियम परत बसवणार आणि वर शिव्या देणार. शिव्यांची गरज नव्हती, पण सर म्हणायचे, नुसतं काढून घेतलं तर माणसाला कळत नाही आपण काय पाप केलं ते.

पहिले काही दिवस शिव्याच उमटेनात. सरांनी मराठीत लिहिलेलं कोडमध्ये गेलं की नुसती प्रश्नचिन्हं व्हायची. चिकटवायला जावं तर चौकोन यायचा आणि त्यात ओळभर प्रश्नचिन्हं. त्यानं तर लोक जास्तच घाबरले. आमचा एक फिल्डवाला, वानखडे, उठून उभाच राहिला. “सर, हा मलेच सवाल करून राह्यला! एवढे सवाल तं माह्या सासऱ्यानं नाही केले!” मग सरांनी शिव्या एका लपवलेल्या पानावर लिहिल्या, स्वतःचा चौकोन बनवला, त्याला स्वतःची बटणं बसवली आणि सगळ्याला पासवर्ड घातला. कोणी म्हटलं, आपण मॅक्रो बंद ठेवूनच फाइल उघडू, तर त्याचाही बंदोबस्त होता. तसं केलं की सगळी शीट गडप व्हायची आणि एकच कोरं पान दिसायचं. त्यावर लिहिलेलं, ‘चप्पल बाहेर काढा, मग आत या.’

हळूहळू हे वेड शीटमधून बाहेर आलं. ऑफिसच्या चहाचीही त्यांनी शीट केली. साखरेचा, कमी साखरेचा, बिनसाखरेचा. वानखडेला एक दिवस कॉफी पाहिजे होती. “यादीत नाही,” सर म्हणाले. “अहो, खाली हॉटेलात मिळते ना!” “मिळत असन. यादीत नाही.” बिचारा कॉफी प्यायला हॉटेलात जायचा आणि शीटमध्ये बिनसाखरेचा चहा भरायचा. मी माझा रजेचा अर्ज भरायला गेले तर कारणाच्या यादीत आजार, लग्न आणि मयत एवढंच. मला शेगावला माहेरी जायचं होतं, नुसतं आईच्या हातचं खायला. मी ‘आजार’ निवडलं. परत आल्यावर आठवडाभर सर मला “कसं वाटते आता?” विचारत होते, आणि मला अजूनही कळलेलं नाही की तो चिमटा होता की काळजी.

घरी सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, मात्र त्यांचं काही चालू दिलं नाही. आम्ही जेवायला गेलो होतो तेव्हा सर आतल्या दिशेला तोंड करून म्हणाले, “भाजीचे पर्याय काय आहेत?” आतून आवाज आला, “माह्या यादीत आज बेसन आहे. नसन पाह्यजे तं रकाना रिकामा ठेवा.” सर गुपचूप बेसन जेवले. दोनदा मागून घेतलं.

तर असा हा माणूस, आणि तो ज्या दिवशी स्वतःच्याच कुलपात अडकला, तो दिवस मी विसरायची नाही.

सुलतानपूरला शबानाबी नावाची एक शेतकरीण होती. मी तिला चाची म्हणायचे. नवरा वारल्यावर चाची स्वतः वावर करायची. तिची कपाशी बघून संस्थेनं तिचं वावर ‘नमुना प्लॉट’ म्हणून निवडलं आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याचा बोर्ड लावला. बोर्डावर तिचं नाव, तालुक्यातल्या असल्या बोर्डांवरचं बाईचं एकमेव नाव. चाची दर शुक्रवारी तो बोर्ड ओल्या फडक्यानं पुसायची. एसटीतले लोक वाचतात म्हणायची. तिच्या दिराला मात्र तो बोर्ड डोळ्यांत खुपायचा. “औरत से खेती होती क्या?” हे तो गावभर सांगत फिरायचा, आणि बोर्ड निघायची वाट बघायचा.

त्या वर्षी कपाशी डोळ्यांना छान दिसत होती. बोंडं लागलेली, झाडं हिरवीगार. आणि आत गुलाबी अळी. बोंडअळीला दाद न देणारं बीटी बियाणं येऊन बरीच वर्षं झाली होती, बोंडअळीचं नाव लोक विसरायला लागले होते, आणि तीच अळी बोंडाच्या आत बसून सरकी खात होती. बाहेरून काही दिसायचं नाही. वेचायला गेलं की किडकी, पिवळी, चिकटलेली रुई. चाचीचंही वावर गेलं.

मी ऑफिसात तिची ओळ भरायला बसले. ‘पीक बिघडण्याचं कारण’ या रकान्याचा बाण दाबला. यादी अशी: पाऊस कमी, पाऊस जास्त, रस शोषणाऱ्या किडी, शेतकऱ्याचा निष्काळजीपणा. बोंडअळी नाहीच! पाऊस बरा झाला होता, रस शोषणाऱ्या किडींवर चाचीनं वेळेवर फवारलं होतं. उरलं काय? शेवटचं. आणि संस्थेचा नियम असा, की ज्याच्या नावापुढे ‘निष्काळजीपणा’ लागेल त्याचा नमुना प्लॉट पुढच्या हंगामात बंद, बोर्ड काढून दुसऱ्याच्या वावरात. बाकीच्या गावांत फिल्डवाल्यांनी डोळे झाकून ‘पाऊस कमी’ दाबून टाकलं होतं. नमुना प्लॉटला तसं चालत नव्हतं, तिथं पाऊस मोजायचं भांडंच बसवलेलं होतं.

मी चाचीला सांगायला नको होतं, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीनं लोणारला. पदरात बोंडं. सरळ सरांच्या टेबलापाशी आली, एक बोंड दातानं फोडलं आणि त्या घडी केलेल्या रुमालावर ठेवलं. आतून गुलाबी अळी बाहेर आली आणि सरांच्या माऊसकडे निघाली.

“ये क्या है, मास्तर?”

सर खुर्चीसकट मागे सरकले. “अळी आहे, बाई.”

“मंग लिहा ना अळी. माह्या नावापुढं निष्काळजी काऊन लिहून राह्यले? नवरा गेल्यापासून त्या वावरात मी एक दिवस उशिरा गेली नाही. माह्या दिराले विचारा, दुश्मन आहे तो माहा, पर हे तोबी सांगन.”

“यादीत नाही,” सर म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

“यादी कोणाची?”

“पुण्याची.”

“आन कुलूप?”

कुलूप सरांचं होतं. चाची पदर झटकून वळली. जाताना म्हणाली, “अळी वावरात बसली, मास्तर, अन् कुलूप तुम्ही कागदाले लावलं.” मला तर रडूच कोसळलं. सर त्या अळीकडे बघत बसले होते.

महिनाअखेर होती. बाकी सगळी फाइल भरून तयार, फक्त चाचीचा तो रकाना रिकामा. आणि रिकामा रकाना असला तर फाइल सेव्हच होऊ द्यायची नाही, हाही हुकूम सरांचाच! ‘रिकाम्या हातानं कुठी चालले?’ असा चौकोन यायचा. म्हणजे एका रकान्यापायी अख्ख्या तालुक्याची फाइल खोळंबली. मी म्हटलं, सर, आपण स्वतःच यादीत ‘बोंडअळी’ घालू. ते माझ्यावर असे खेकसले, की विचारू नका. “यादी माही नाही. आज मी एक शब्द घातला, उद्या वानखडे कॉफी घालन.” मग म्हटलं, ‘निष्काळजीपणा’ भरून मोकळे होऊ का? त्यावर ते खेकसले नाहीत. हळूच म्हणाले, “खोटं आहे ते.”

पुण्याहून प्रोजेक्टच्या मॅडमचा फोन आला. सर पुण्याशीही वऱ्हाडीच बोलायचे, जराही सांभाळून नाही.

“फाइल कुठे अडली आहे?” मॅडम विचारत होत्या. स्पीकर चालू होता.

“सेव्ह होऊन नाही राह्यली.”

“तुमचाच मॅक्रो आहे ना? मग बंद करा.”

“माहाच आहे, म्हणून तं बंद करता येत नाही.”

“अहो सर, बीटीवर बोंडअळी येतच नाही, म्हणून यादीत नाही. दुसरं काहीतरी निवडा.”

“मॅडम, ते आता माह्या रुमालावर होती.”

“तुम्ही स्वतः वावरात जाऊन पाहिलंय का?”

सरांनी पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर कपाशीची सगळी माहिती बोटावर असलेला हा माणूस आयुष्यात कपाशीच्या वावरात गेलेलाच नव्हता. पांढरा शर्ट खराब होतो म्हणायचे. फोन ठेवला, छत्री उचलली आणि मला म्हणाले, “चला.”

सुलतानपूरच्या त्या वावरात पांढऱ्या शर्टातले सर, डोक्यावर छत्री, बुटांना माती, हे बघायला गावातली माणसं बांधावर जमली होती. चाचीनं काही बोलून दाखवलं नाही. नुसतं झाडामागून झाड दाखवत गेली. न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटून बसलेली फुलं दाखवली, त्यांना डोमकळी म्हणतात, आत अळी असते. सर बोंडं फोडत गेले. पहिली दोन रुमालानं धरून, मग नुसत्या हातानं. परतीच्या एसटीत शर्टाच्या बाह्या मातीनं आणि कपाशीच्या डागांनी भरलेल्या होत्या, आणि त्यांचं लक्षही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून मान वर न करता टाइप करत होते. सरांनी आपल्या हुकमाला त्या एका रकान्यापुरती, फक्त आमच्या कम्प्युटरवर, सूट दिली आणि दुपारी फाइल पुण्याला गेली. चाचीचा रकाना रिकामाच, पण त्यापुढे लिहिलेलं: ‘हे कारण पुण्यानं भरावं.’ मी विचारलं, आणि पुण्यानं ‘निष्काळजीपणा’ भरलं तर? सरांनी रुमालाची घडी घातली. “भरून तं पाहू द्या,” म्हणाले.

पुढचं आम्हाला नंतर मॅडमनीच हसत हसत सांगितलं. पुण्याला मीटिंग भरलेली. भिंतीवर मोठ्ठी शीट. मॅडमनी चाचीचा रकाना उघडून ‘शेतकऱ्याचा निष्काळजीपणा’ निवडलं. भिंतभर चौकोन आला: ‘वावरात जाऊन पाह्यलं का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. त्यांनी खरं ते सांगितलं, नाही. रकाना रिकामा झाला. परत निवडलं, या वेळी ‘हो’ दाबलं. दुसरा चौकोन: ‘मंग अळी दिसली असनच. दुसरं कारण पाहा.’ रकाना परत रिकामा. सेव्ह करायला गेल्या तर ‘रिकाम्या हातानं कुठी चालले?’ त्यांच्यातल्या एका हुशार माणसानं मॅक्रो बंद करून फाइल उघडली, तर भिंतीवर चप्पल बाहेर काढायची सूचना. मोठे साहेब म्हणे खाली वाकून स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले.

मॅडमचा फोन आला, तेव्हा आम्ही सगळे सरांची नोकरी गेली असं धरून चाललो होतो. वानखडेनं तर निरोपाचा चहा सांगितला, साखरेचा. मॅडम एवढंच म्हणाल्या, “पासवर्ड देऊ नका. मी येते.”

आणि आल्या. बाई भली होती. चाचीच्या वावरात चप्पल काढून शिरली, का काढली कोण जाणे. पहिलं बोंड फोडल्यावर किंचाळली, आणि मग बोंडामागून बोंड फोडतच राहिली. बांधावर येऊन तिनं पुण्याला फोन लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “यादीत बोंडअळी घाला. आत्ता. हो, मी पाहिलंय.” चाचीचा दीर बांधावर उभा होता, तो उगाच लुंगी झटकत घरी निघून गेला.

चाची हट्टानं जीपमध्ये बसून आमच्याबरोबर लोणारला आली. तिला तो शब्द बघायचा होता. सरांनी यादीत पुण्याचा नवा शब्द बसवला, आणि मग जे केलं ते बघून वानखडेच्या हातातला कप तसाच राहिला. ते खुर्चीतून उठले, रुमाल सरळ केला आणि चाचीला म्हणाले, “बसा बाई. तुमचा रकाना तुम्हीच भरा.” आणि तिचा मातीचा हात स्वतःच्या माऊसवर ठेवायला लावला.

चाचीनं बाण दाबला. यादी उघडली. मी बोट दाखवलं, तिनं ‘गुलाबी बोंडअळी’ निवडलं. आणि टुणकन चौकोन आला. सरांनी तो हुकूम आता सगळ्याच कारणांना लावून ठेवला होता. मी वाचून दाखवलं, “वावरात जाऊन पाह्यलं का?”

चाची भडकलीच. कम्प्युटरकडे हात करून ओरडली, “अरे बाबा, मैं वहींच रहती हूँ! जाऊन काय पाहू?”

आम्ही सगळे हसलो, मॅडमसुद्धा. सर हसले नाहीत. ते त्या ‘हो’ आणि ‘नाही’कडे बघत होते. “बाई बरोबर बोलून राह्यली,” म्हणाले. “माही यादी अपुरी आहे.” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि शेवटचंही.

त्यांनी तिथंच उभ्यानं, चाचीला खुर्चीतून न उठवता, तिसरं बटण बसवलं. ‘तिथंच राह्यतो.’ मग माझ्याकडे बघितलं आणि काही न सांगता शेजारी चौथं, ‘तिथंच राह्यते.’ चाचीनं ते दाबलं, आणि चौकोन पहिल्यांदाच काही न बोलता मिटला.

बोर्ड अजून सुलतानपूरच्या रस्त्यावर आहे. सर रिटायर झाले, तरी ती शीट आम्ही पुढं कित्येक हंगाम तशीच वापरली. रिटायर व्हायच्या थोडं आधी पुण्याला नवे साहेब आले होते, त्यांचा फोन मीच सरांना जोडून दिला होता. साहेब विचारत होते, हो आणि नाही आहे ना, मग ही खालची दोन बटणं कशाला? आमच्याकडे ती कोणी दाबतच नाही.

सरांनी माऊस रुमालावर नीट ठेवला.

“ते तुमच्यासाठी नाहीत, साहेब,” ते म्हणाले.